दिवा मोठा कर

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. खरं म्हणजे अजूनही नाही. मी जन्मभर शाळेत सायन्स शिकवलं. वर्गात कोणी भुताचं नाव काढलं की त्याला फळ्यापाशी बोलावून म्हणायचे, "आता भुताची व्याख्या लिही." या ग्रुपवरचे तुमचे अनुभव मी रोज दुपारी चहाबरोबर वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात नापास करते... रागावू नका. पण एक अनुभव माझाही आहे. वय झालं सत्याऐंशी, आता लाज धरायची ती कोणाची? नातसून म्हणाली, "आजी, तुम्ही बोला, मी टाइप करते." बिचारीची बोटं दुखणार आहेत.

गोष्ट कल्याणची. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गार्ड होते. आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं आणि मी दहा वर्षांची होते. पारनाक्याच्या अलीकडे एका गल्लीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत, तात्या नावाचे गृहस्थ बायकोसह, म्हणजे आमच्या काकूंसह, राहत. मागच्या खोलीत संसार, आणि पुढच्या खोलीवर स्वतः रंगवलेली पाटी — 'चलच्चित्र संग्रहालय. प्रवेश सर्वांस. चपला बाहेर.' गाव त्याला तात्यांचा अजबखाना म्हणायचं.

मुक्या सिनेमाच्या काळात तात्या तंबूच्या सिनेमाबरोबर गावोगाव फिरले होते. त्यांचं काम खेळ सांगायचं. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवणार, आणि मधे येणाऱ्या पाट्या वाचता येणारे तंबूत चारदोन. मग तात्या पडद्याशेजारी छडी घेऊन उभे राहत आणि राजा काय म्हणतो, राणी काय म्हणते, घोडा सुद्धा काय म्हणतो, ते सगळं स्वतः बोलत. "सिनेमा बोलायला लागला आणि मी गप्प झालो," असं म्हणून ते हसत. गप्प मात्र कधीच नसत.

त्या खोलीत काय नव्हतं! हाताने फिरवायचं मशीन, काचेच्या पट्ट्यांवर रंगवलेली चित्रं, पुठ्ठ्याचे मुकुट, बेगडाचा चंद्र, तंबूबाहेर वाजवायची घंटा. दर रविवारी दुपारी तात्या खिडक्यांना काळं कापड लावून आम्हा पोरांना एखादं रीळ दाखवत. बाकीची पोरं पडद्यासमोर बसायची. मी पडद्यामागे जाऊन बसायचे, रिळांच्या डब्यांच्या मांडणीला टेकून. तिथून सगळं उलटं दिसायचं, उजवा हात डावा व्हायचा, आणि मला ते फार आवडायचं. म्हणून तात्यांनी माझं नावच 'उलटी' ठेवलं होतं. "ए उलटे, निघ आता, आई वाट बघत असेल." खेळ संपला तरी मी तिथून हलत नसे. माझ्या सगळ्या बालपणात त्या जागेइतकी लाडकी जागा दुसरी नव्हती.

आणि ती जागा माझ्या हातून जळाली. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

त्या रविवारी तात्यांच्या अंगात कणकण होती. खेळ संपला, पोरं पांगली, मी नेहमीप्रमाणे मागे राहिले. तात्या टेबलाशी बसून तुटलेली फिल्म जोडत होते. त्या घरात वीज नव्हती, टेबलावर चिमणीचा दिवा होता. शेवटी ते कपाळाला हात लावून उठले आणि म्हणाले, "बाळ, मी जरा पडतो. जाताना दिवा मोठा कर आणि दार ओढून घे." एवढं बोलून मागच्या खोलीत गेले.

मी दिव्याची वात वर केली. चांगली मोठी केली. दार ओढून घेतलं आणि उड्या मारत घरी गेले.

आता तुमच्यातल्या जुन्या माणसांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते — पूर्वी दिवा 'विझव' म्हणत नसत. अभद्र मानायचे. बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणायचं, तसं दिवा मालवायचा असेल तर 'दिवा मोठा कर' म्हणायचं. मला कसं माहीत असणार? आमच्या क्वार्टर्समध्ये बटणाचे दिवे. चालू कर, बंद कर, एवढीच आमची भाषा. मोठ्या माणसाने सांगितलं मोठा कर, मी मोठा केला.

त्या काळची फिल्म म्हणजे निव्वळ कापूर. चिमणी तडकली असणार, टेबलावरच्या तुकड्यांनी पेट घेतला असणार. तात्या मागच्या खोलीत होते, मागच्या दाराने सहज बाहेर पडले असते. पण ते आगीत शिरले. लोकांनी ओढून काढलं तेव्हा पडद्यामागे, डब्यांच्या मांडणीपाशी पडलेले होते. चौथ्या दिवशी गेले. सगळं कल्याण हळहळलं — "डब्यांपायी जीव दिला हो माणसाने!"

मला एवढंच कळलं होतं, की मी दिवा मोठा केला आणि आग लागली. मी कोणाला काही सांगितलं नाही. पुढे दादांची बदली झाली, आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहायला गेलो. तिथे मी चौदा वर्षांची असताना एकदा वीज गेली आणि परत आली, तेव्हा शेजारच्या आजी सुनेला म्हणाल्या, "आली वीज, आता तो कंदील मोठा कर." सुनेने वात खाली केली आणि फुंकर मारली. मी तिथेच मटकन खाली बसले. सगळ्यांना वाटलं, उपाशी असेल पोर.

त्यानंतर कल्याणचं नाव निघालं तरी मी विषय बदलायचे. फक्त एक समजूत स्वतःशी घट्ट धरून ठेवली होती. दिवा मी मोठा केला हे खरं, पण आत जा असं त्यांना कोणी सांगितलं होतं? डबे प्यारे होते, म्हणून गेले. त्यावर मी झोपायचे.

अठ्ठावन्न साली मी पदवी घेऊन डोंबिवलीच्या एका शाळेत लागले. स्टाफरूममध्ये एक बाई कल्याणच्या होत्या. एक दिवस डबा खाताना म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे एक म्हातारी सिनेमाचं म्युझियम चालवते. दिसत नाही तिला धड, तरी दर रविवारी उघडते. मुलांना न्यायला हवं." माझा घास तोंडातच राहिला.

तीन रविवार मी ठरवलं आणि तीन रविवार मोडलं. चौथ्या रविवारी दुपारी गेले. काय सांगायचं ते रस्ताभर पाठ करत होते. 'काकू, मी तुमची अपराधी आहे' — नाटकातल्यासारखं वाटत होतं, पण दुसरं सुचत नव्हतं.

पुढची खोली नव्याने बांधलेली होती. पांढरा चुना, विजेचा बल्ब. मागच्या खोलीत ट्रंकेत होतं तेवढंच आगीतून वाचलं होतं, ते मांडून ठेवलं होतं. एक मशीन, दोन काचेच्या पट्ट्या, दहाएक डबे. लहानपणी जी खोली मला राजवाड्याएवढी वाटायची ती चार पावलांत संपली. काकू मशीनपाशी स्टुलावर बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याचं ऑपरेशन फसलेलं.

"कोण आलंय?"

"मी... डोंबिवलीच्या शाळेत शिक्षिका आहे." नाव सांगायचा धीर झाला नाही.

"ये गो ये. आज कोणीच नाही, परीक्षा आहेत ना पोरांच्या. चपला काढल्यास?"

"हो."

"मग बस. एक रीळ लावते. मशीन मीच फिरवते, हाताला सवय आहे. तू मात्र मला सांगायचंस काय दिसतंय ते. त्याशिवाय मला कसं कळणार? ते होते तेव्हा तेच सांगायचे."

त्यांनी चाचपून एक पोचा आलेला डबा काढला. "ही त्यांनी स्वतः घेतलेली. अंगणातल्या पोरांची. एक जुना कॅमेरा मिळाला होता कुठून तरी." मशीनमध्ये आता बल्ब होता. खोलीतला दिवा त्यांनी बटण दाबून घालवला आणि हँडल फिरवायला सुरुवात केली.

पडद्यावर अंगण आलं. आम्ही पोरं रांगेत उभी, कोणी जीभ काढतंय, कोणी ढकलतंय. शेवटी रिबिन सुटलेली मी. मी सांगत होते आणि काकू हसत होत्या. "तो लंगडी घालणारा का? तो आता पोस्टात आहे." माझ्याही नकळत मी तात्यांसारखं हातवारे करून सांगायला लागले होते.

आणि मग अंगण गेलं. पडद्यावर खोली आली. ही नाही, जुनी... जळाली ती. वरून, छताच्या कोपऱ्यातून पाहावं तशी. टेबल, चिमणीचा दिवा, तुकड्यांचा ढीग. तात्या कपाळाला हात लावून उठतात. ओठ हलतात. समोर फ्रॉकमधली मी मान हलवते.

मी हातवारे थांबवले.

"का थांबलीस गो?"

"संपली फिल्म, काकू. नुसता पांढरा पडदा आहे."

काकूंचा हात थांबला नाही. "संपली कशी? हँडल अजून जड लागतंय."

"मशीन जुनं आहे, काकू, म्हणून असेल."

"फिल्म संपली की हँडल हलकं होतं. डोळे गेले माझे, हात शाबूत आहेत. काय आहे पडद्यावर? सांग."

तुम्हाला खरं सांगते, मी दाराकडे पाहिलं. चार पावलं होती. पण त्या बाईचा चेहरा पडद्याकडे होता, मान किंचित कललेली, आणि ती वाट बघत होती. मला पळता आलं नाही.

"जुनी खोली आहे, काकू. त्या रविवारची. तात्या आहेत. आणि एक मुलगी आहे."

"कुठली मुलगी?"

"मी आहे. रेल्वेतल्या गार्डांची कुमुद. तात्या मला म्हणतात, जाताना दिवा मोठा कर. ती... मी वात वर करते, काकू. मला कळलंच नाही हो. मी खरंच वात वर केली."

हँडलचा वेग मंदावला. पडद्यावरची मी दिव्याशी हात नेऊन रेंगाळले. मी ओंजळीत तोंड घेऊन रडत होते. शिव्या येतील म्हणून वाट बघत होते, आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते विझव म्हणायचे," काकू हळूच म्हणाल्या. "तंबूतला माणूस. विझव, फोड, जाळ, तोंडाला धरबंध नाही. लग्न होऊन आले तेव्हा मीच सांगितलं, घरात विझव म्हणायचं नाही, दिवा मोठा कर म्हणायचं. आमच्या माहेरची रीत. वर्षभर चुकायचे, मी वर्षभर टोकायचे. मग लागली सवय."

मी वर पाहिलं. मी दहा वर्षं वाहिलेलं ओझं उतरवायला आले होते, आणि ते मी त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं. इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं.

"पुढे सांग," त्या म्हणाल्या आणि हात पुन्हा चालू झाला.

"मी दार ओढून गेले. खोलीत कोणी नाही. ज्योत मोठी झालीय, काच काळी पडतेय. काच तडकली. टेबल पेटलं. धूर... आता मागच्या खोलीच्या दारातून तात्या आले. चौकड्यांची शाल आहे डोक्यावरून. खोकताहेत."

"डब्यांकडे गेले?" त्यांचा आवाज एकदम कडवट झाला. "जातीलच. मला टाकून जातीलच."

"नाही, काकू. बाकाखाली वाकले. हात घालून बघताहेत. उठले. दारापाशी आले, बाहेर वाकून पाहिलं, परत आत गेले. तोंडाने काहीतरी म्हणताहेत. एकच शब्द, पुन्हा पुन्हा."

"काय?"

तीन अक्षरांचा शब्द होता. ओठ आधी पुढे येत, मग जीभ दाताला लागे. मी तो शंभर वेळा ऐकलेला होता.

"उलटे म्हणताहेत. मला हाका मारताहेत. आता पडद्यामागे निघाले. मी तिथे बसायचे ना, म्हणून."

पडद्यावर तात्या पडद्यामागे गेले. मग नुसता धूर. मग काहीच नाही. काकूंच्या हातातलं हँडल एकदम गरगर फिरलं, हलकं होऊन.

मशीनचा बल्ब चालूच होता.

"डब्यांना हात लावला नाही त्यांनी?"

"एकालाही नाही."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "दहा वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या गो. फोटोसमोर उभी राहून. माझ्यापेक्षा ते डबे जास्त होते तुम्हाला, म्हणून." मग म्हणाल्या, "शाल म्हणालीस ना? चौकड्यांची?"

"हो."

"ते झोपल्यावर मी घातली होती अंगावर. मग मी देवळात पुराणाला गेले. तू तर तेव्हा निघून गेलेली होतीस. ती त्यांच्याबरोबरच जळली. कोणाला बोलले नाही मी कधी." मग त्यांनी विचारलं, "तू तेव्हा कुठे होतीस गो? ते शोधत होते तेव्हा?"

"घरी पोचले होते. आईने शिरा केला होता. खात बसले होते."

"हं," काकू म्हणाल्या. "मग उगाचच शोधलं त्यांनी."

रागाने नाही म्हणाल्या. खरं तेच म्हणाल्या. मग त्यांनी चाचपत माझा हात धरला आणि निघताना दारापर्यंत सोडला नाही.

आता सायन्सच्या बाईंनी करायचं ते मी केलं. पुढच्या रविवारी उजेडी गेले, ते रीळ काढलं आणि खिडकीशी धरून वीतवीत तपासलं. पहिल्या भागात अंगणातली पोरं आहेत. त्यापुढची सगळी फिल्म कोरी आहे. काचेसारखी आरपार, एकही चित्र नाही. म्हणजे 'पांढरा पडदा आहे' हे मी काकूंना खोटं म्हणून सांगितलं, ते खरंच होतं. आणि त्या खोलीत आतून चित्र घ्यायचं तर प्रकाश पुरला नसता, कॅमेरा फिरवायला माणूस नव्हता, आणि असता तरी ती फिल्म जळूनच गेली असती. हे सगळं मला कळतं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे. मी तरी कुठे पाहिली?"

त्यानंतर दोन वर्षं, काकू जाईपर्यंत, मी बहुतेक रविवारी जात होते. मुलं आली की त्या मशीन फिरवायच्या आणि मी खेळ सांगायचे. पोच्याचा डबा आम्ही पुन्हा लावला नाही. त्या दिवसापासून त्यांना शांत झोप लागायला लागली, असं त्या सांगत. त्या गेल्यावर एका भाच्याने सगळं सामान नेलं. ते पुढे कुठे गेलं, मला माहीत नाही.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुम्ही म्हणाल भास. माझ्या नवऱ्यानेही तेच म्हटलं होतं, आणि दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मीही तेच म्हटलं असतं. शालीचं काय, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. आणि मला एक सांगा, भास माणसाच्या सोयीचे असतात ना? डबे प्यारे होते म्हणून तात्या आत गेले, एवढी एकच समजूत माझ्याकडे होती. माझ्याच मनाचा खेळ असता, तर त्याने ती तरी मला ठेवू दिली असती.